दोन दशांश

कॉटन मार्केटच्या पोहेवाल्याकडे
तर्री ओतली की वाद सुरू होतो.
"कुंदा नंदनवार! मोडला का कोणी तिचा रेकॉर्ड अजून?"
"अन् ताना उईके? तिच्या पायात काई नव्हतं भाऊ,
अन् मे महिना होता."
मग सगळे माझ्याकडे वळतात.
"सांगा न काका, तुमी त होते तिथं."

होतो.
रेल्वेच्या हिशेबखात्यातला कारकून,
रविवारी गळ्यात स्टॉपवॉच.
रेशीमबाग, चुन्याच्या रेघा, आठशे मीटर.
कुंदा : दोन मिनिटं, नऊ पूर्णांक चार.
ताना, चोवीस वर्षांनी : नऊ पूर्णांक सहा.
नियमानं तीन घड्याळं लागतात.
एकदा दोन बंद होती, एकदा दोघं आलेच नाहीत.
दोन्ही वेळा अंगठा माझाच.

कुंदाच्या नावाचा चौक आहे गोळीबारजवळ.
पाटीवर बाराही महिने
कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स,
त्याच्या कडेनं आडनावाचं शेपूट तेवढं दिसतं :
'वार'.
कुठला वार, विचारतात नवे रिक्षावाले.
तिचे स्पाइक्स काचेच्या कपाटात,
किल्ली साहेबांकडे, साहेब दौऱ्यावर.
तरी त्या वर्षी जन्मलेल्या पोरींपैकी
आमच्या शाळेत एकाच वर्गात पाच कुंदा निघाल्या.
मास्तर एकदाच नाव घेत,
पाचही म्हणत, हजर.
त्यातली एक माझी सून झाली.
ती बस पकडायलाही धावत नाही.

तानाचं कुठे काही नाही.
एसटीत कंडक्टर, रामटेकची गाडी,
दिवसभर उभ्यानं.
नोकरी लागायच्या आधी दोन वर्षं
देवलापारच्या आश्रमशाळेत पोरी पळवायची म्हणे, फुकट.
परवा मानकापूरला बसलो होतो.
दुसऱ्या वळणावर एका पोरीचा डावा खांदा
जरासा खाली आला,
डोईवरची घागर हिंदकळू नये
म्हणून बाई वाकते तसा.
विचारलं, हे कोणी शिकवलं?
"कोणीच नाही. आमच्याकडं सगळ्या असंच पळतात."
ताना उईके माहीत आहे?
"नाही जी."
मी त्या खांद्याकडे पाहत राहिलो.

पोह्यावर सांगत नाही ते हे :
कुंदाच्या वेळी मी सव्वीसचा होतो.
ती शेवटच्या वळणावरून निघाली
आणि माझा श्वास तिच्यापुढे धावला.
फीत तुटायच्या आधीच दाबला गेला असेल अंगठा.
नसेलही.
तानाच्या वेळी पन्नाशीचा. मोतीबिंदू उतरत होता,
घाम पापणीत. ती गेली, फीत गेली,
आणि मग मला कळलं की ती गेली.

दोन दशांश.
तेलात पडलेला मोहरीचा एक दाणा तडतडायलाही
याहून जास्त वेळ लागतो.
शहरानं तेवढ्यावर निकाल दिला
आणि मी सही केली, निळ्या शाईत, दोनदा.

ऐकलं की मागे कुंदाबाई एकदा
तानाच्या गाडीत चढल्या होत्या, मनसरला.
तानानं अर्धं तिकीट दिलं,
सुटे तीन रुपये मोजून परत केले.
कुणी कुणाला ओळखलं का,
ते सांगणाऱ्यानं पाहिलं नाही.
त्याला खिडकी मिळाली होती.

आता रेघेवर यंत्र असतं, सेकंदाचा शंभरावा भाग सांगतं.
तरी पोरी शेवटच्या वळणावरून येताना
सदऱ्याच्या खिशात माझा अंगठा
रिकाम्या मुठीवर दाबला जातो.
लवकर की उशिरा,
बघायला तिथे काटा नाही.

"काका, सांगा न."
आधी तर्री घाल रे बाप्पा, मी म्हणतो,
पोहे कोरडे पडले.